शिक्षकांचा आवाज: घसा बसल्यावर तुम्ही काय करता?

परिपाठ | १९ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. शाळा उघडून आज चौथा दिवस, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत माझा आवाज पुन्हा खाली आलाय. पुन्हा म्हणते, कारण गेल्या वर्षी मी यातून पुरती गेले आहे.

मी कोकणातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत १७ वर्षं शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. मध्ये भिंत नाही, लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे. वर पत्रा. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की पहिल्या रांगेतल्या मुलालाही माझं ऐकू जात नाही. मग मी ओरडते. पलीकडून गुरुजी ओरडतात. त्यांचा आवाज चढला की माझा आणखी चढतो. अशा वातावरणात सहा-सहा वर्षांच्या मुलांना 'श' आणि 'ष' शिकवायचा.

गेल्या जुलैत आधी असं व्हायचं की गुरुवारपर्यंत आवाज घोगरा, रविवारी बरा, सोमवारी ठीक. मग सोमवारीसुद्धा ठीक होईना. प्रार्थनेचा वरचा सूर लागेना, नुसती हवा यायची. आईला फोन केला तर ती विचारते, "कोण बोलतंय?" मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध, खडीसाखर, सगळं केलं. मेडिकलमधून दोनदा अँटिबायोटिकही आणून घेतलं. ताप नाही, खोकला नाही, तरी घेतलं. शाळेत सगळे म्हणायचे, बाईंचा घसा बसलाय, होईल बरा.

तब्बल सात आठवड्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. नाकातून बारीक दुर्बीण घातली, पडद्यावर माझेच स्वरतंतू दाखवले. दोन्हींवर समोरासमोर बारीक गाठी, कणीच्या दाण्याएवढ्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गाता की शिकवता?" कॅन्सरचा शब्द मी मनातल्या मनात दहा वेळा उच्चारून झाला होता. तसलं काही नव्हतं. ऑपरेशनही लगेच नको म्हणाले, आधी आवाजाची थेरपी. दिवाळीपर्यंत दर आठवड्याला एसटीने जाऊन-येऊन चार तास मोडायचे, पण केलं. गाठी बऱ्याच बसल्या.

आणि आता जून. पाऊस तोच, पत्रा तोच. मला भीती वाटते आहे, आणि थोडा रागही आहे. जो तो मला सांगतो, "बाई, आवाज जपून वापरा." कसा जपू? इथे शिक्षक बरेच आहेत. तुम्ही काय करता, खरंच काय उपयोगी पडलं, ते सांगा.

---

नळीफुंकर | १९ जून, रात्री १०:४२

ताई, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे आवाजासाठी येणाऱ्यांत शिक्षक नेहमीच असतात, आणि त्यातही प्राथमिकच्या बाई जास्त. थोडं सविस्तर लिहिते.

बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० ते २२० वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषांचे ११०-१२० वेळा. दिवसभरातले मधले श्वास, थांबे, मुलांची उत्तरं सगळं वगळून निव्वळ एक तास जरी तंतू कंप पावले, तरी जवळजवळ आठ लाख आपट्या होतात. आवाज चढवला की प्रत्येक आपटी जोरात बसते. कुदळ धरून तळहाताला घट्टा पडतो ना, तसंच हे. तंतूचा पुढचा एक-तृतीयांश भाग संपतो तिथे सर्वांत जास्त आदळआपट होते, म्हणून गाठी तिथेच, दोन्हीकडे, समोरासमोर येतात. तुमच्या दुर्बिणीत तेच दिसलं.

आता गुळण्यांबद्दल. गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. पोचलं तर काय होतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय, ठसका लागतो. खडीसाखर, ज्येष्ठमध, मध यांचंही तेच. वरच्या घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी जरूर घ्या, पण गाठीवर त्याचा इलाज होत नाही. तंतूंपर्यंत थेट जाते ती हवा आणि वाफ. पाणी प्यायचं ते शरीरातून फिरून तिथला ओलावा टिकावा म्हणून, त्यामुळे घसा कोरडा पडल्यावर गटागटा पिण्यापेक्षा सकाळपासून घोट घोट हवं. अनेक शाळांत बाया पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह धड नसतं. आवाजाच्या तक्रारीमागे हेही असतं, आणि हे कुणी विचारत नाही.

अँटिबायोटिकचा इथे काही संबंध नव्हता. ते मनाने घेऊ नका.

तुमचं आणि गुरुजींचं जे होतं त्याला नाव आहे, लोंबार परिणाम. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये ते मांडलं. भोवती गलका वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. ठरवून थांबत नाही, कारण तो ठरवून चढवलेलाच नसतो. म्हणून "जपून वापरा" हा सल्ला एकटा कुचकामी आहे. हे माझं नुसतं मत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये आवाज बिघडलेल्या ४४ शिक्षकांचे गट पाडून तपासलं होतं. एका गटाला कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक दिला, दुसऱ्याला पाणी प्या, ओरडू नका, खाकरू नका असं शिक्षण दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. स्पष्ट फरक पडला तो ध्वनिवर्धकवाल्यांना. नुसता उपदेश मिळालेल्यांची सुधारणा नोंद घेण्याजोगी नव्हती.

तेव्हा ताई, तुमचा राग रास्त आहे.

---

खडूफळा | २० जून, सकाळी ६:५५

माध्यमिकला गणित शिकवतो, २२ वर्षं झाली. लातूर जिल्हा. वर्गात ६८ मुलं. माझा आवाज गेला नाही, पण दरवर्षी डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या सुमारास फाटतो, हे खरं.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो. पहिली, फळ्याकडे तोंड करून बोलणं मी बंद केलं. लिहायचं तेव्हा गप्प लिहायचं, मग वळून बोलायचं. फळ्याकडे बोललेलं मागे पोचवायला दुप्पट जोर लागतो, आणि खडूची भुकटी नेमकी तोंडासमोर उडते. डस्टर कोरडं झटकत नाही, ओल्या फडक्याने फळा पुसून घेतो.

दुसरी, मी स्वतः फिरतो. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, हे आम्हीच मुलांना शिकवतो. वर्गात भिंतींमुळे थोडा फरक पडतो, पण शेवटच्या बाकाशी जाऊन सांगितलं तर ओरडावं लागत नाही हे कुणालाही कळेल. टेबलाजवळ उभं राहून ६८ जणांना ऐकवायचा हट्ट मी सोडला.

तिसरी, गप्प करायला आवाज वापरायचा नाही. मी टाळ्यांचा एक ठेका वाजवतो, मुलं तोच परत वाजवतात, वर्ग शांत. सुरुवातीला पंधरा दिवस लागले सवय लागायला. "एऽऽ गप्प बसा रे" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणायचो ते एकदा मोजलं होतं, तिसऱ्या तासापर्यंत ४१ झालं.

माईकबद्दल मात्र माझी थोडी शंका आहे. आमच्या एका मॅडमनी आणला होता. मुलं हसली, शेजारच्या वर्गाने तक्रार केली, आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं की आता यांना सभा घ्यायच्यात. त्यांनी चार दिवसांत पेटीत ठेवून दिला.

---

मंद्रसप्तक | २० जून, दुपारी १:२०

मी शाळेत संगीत शिकवतो. गाणाऱ्यांना आवाजाची काळजी शिकवली जाते, बोलणाऱ्यांना कुणी शिकवत नाही, ही मला फार मोठी उणीव वाटते. डीएड-बीएडला पाठाचं नियोजन शिकवतात, फलकलेखन शिकवतात, पण ज्या वाद्यावर ३० वर्षं नोकरी करायची त्याचं काय? गवई रियाज न करता मैफलीला बसत नाही. शिक्षक मात्र घरातून धावत येतो आणि थेट परिपाठात वरच्या पट्टीत राष्ट्रगीत.

सकाळी पाच मिनिटं द्या. ओठ सैल मिटून फुर्रर्र करायचे, लहान मूल मोटार चालवतं तसे, आणि त्यातच खालून वर, वरून खाली सूर न्यायचा. मग मिटल्या तोंडाने गुणगुणणं. ओठ-नाक झिणझिणलं पाहिजे, गळा ताणला जाता कामा नये.

एक पथ्य अनुभवाचं: परिपाठाची प्रार्थना बाईंनी पेटीवर पांढरी पाच-सहामध्ये, म्हणजे वरच्या पट्टीत, कशाला धरायची? मुलांचा आवाज उंच, म्हणून त्यांना ती पट्टी सोयीची. बाईंनी सुरुवात करून द्यावी, पुढे मुलांनी म्हणावं. प्रत्येक ओळ बाईंनी आधी म्हणायची गरज नसते.

आवाज बसल्यावर मी कुजबुजत बोलतो, त्याने घशाला विश्रांती मिळते.

---

नळीफुंकर | २० जून, दुपारी ३:०५

सर, फुर्रर्रला माझा पूर्ण पाठिंबा. कुजबुजण्याला मात्र नाही. कुजबुजताना बरेच जण स्वरयंत्राचे स्नायू उलट जास्त आवळतात, शिवाय हवा जास्त जाते आणि घसा कोरडा पडतो. आवाज बसला असेल तर एकतर पूर्ण गप्प, नाहीतर हळू, मऊ, पण खऱ्या आवाजात बोला. आणि खाकरणं सोडा. एक खाकर म्हणजे तंतूंना एक सणसणीत चापट. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी, नाहीतर नुसता आवंढा गिळा.

खडूफळा सर, त्या मॅडमचा माईक पेटीत गेला याचं फार वाईट वाटलं. चष्मा लावला म्हणून कुणी शिक्षकाला हसत नाही. माईकचा आवाज फार वाढवायचा नसतो, आपण घरात बोलतो तितक्याच आवाजात बोलायचं आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल एवढंच यंत्र चढवायचं. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल तर तो बहुधा कमी करूनही चालला असता.

---

क्लासवाला | २० जून, रात्री ११:४८

दिवसभर लेक्चर असल्याने आत्ता लिहितोय. मी खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दीड तासाची चार लेक्चर, शनिवार-रविवारी सहा. पैसे लेक्चरवर. आवाज गेला तर त्या दिवसाचा पगार गेला.

माझं वेगळं झालं. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या क्रिकेट सामन्यात पंच होतो, सर्दी होती, एकदा जिवाच्या आकांताने ओरडलो आणि त्याच क्षणी आवाज तुटला. काहीतरी फाटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशीपासून तसाच शिकवत राहिलो, दोन महिने. शेवटी दाखवलं तर एकाच तंतूवर पॉलिप, म्हणजे मऊ फुगवटा. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्यानंतर आठवडाभर एक शब्दही नाही. पाटी घेऊन फिरायचो घरात. मुलगी तीन वर्षांची होती, तिला वाचता येत नव्हतं. ती माझ्या तोंडाला हात लावून बघायची.

त्या आठवड्याचे आणि पुढच्या महिनाभराचे पैसे मिळाले नाहीत. क्लासने माझी बॅच दुसऱ्याला दिली, ती परत मिळाली नाही. नाव घेत नाही. पण ज्यांचं पोट आवाजावर आहे त्यांनी हे लक्षात ठेवा: ओरडताना अचानक आवाज गेला तर त्याच दिवशी गप्प बसा आणि डॉक्टरांकडे जा. मी ते दोन महिने बोललो नसतो तर कदाचित ऑपरेशनपर्यंत गेलंच नसतं, असं मला आजही वाटतं.

---

परिपाठ | २१ जून, संध्याकाळी ६:३०

क्लासवाला दादा, तुमच्या मुलीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

नळीफुंकर ताई, एक विचारू? मला रात्री उशिरा जेवायची सवय आहे. सकाळी उठल्यावर घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. डॉक्टर अॅसिडिटीबद्दल काही म्हणाले होते, पण तेव्हा माझं लक्ष गाठींवर होतं.

---

नळीफुंकर | २१ जून, रात्री ९:१५

संबंध असू शकतो. जठरातलं आम्ल रात्री आडवं झाल्यावर वर येतं, आणि स्वरयंत्र अन्ननलिकेच्या तोंडाशीच आहे. सकाळी आवाज जड, सारखं खाकरावंसं वाटणं, घशात गोळा वाटणं, ही त्याची लक्षणं असू शकतात. छातीत जळजळ असेलच असं नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवून बघा, मधल्या सुट्टीतला दुसरा चहा सोडून बघा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. गोळी त्यांनी दिली तरच.

---

कायद्याचं पान | २२ जून, सकाळी १०:०५

मी शिक्षक नाही, शिक्षिकेचा नवरा आहे आणि कामगारविषयक खटले बघतो. धागा वाचून राहवलं नाही.

पोलंडमध्ये आवाजाचे जुनाट आजार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. किमान १५ वर्षं आवाजावर ताण पडणारं काम केलेल्यांना तिथे स्वरतंतूंवरच्या गाठींसाठी हक्क सांगता येतो. आपल्याकडे १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामाच्या आजारांच्या यादीत, कामावरच्या गोंगाटाने येणारं बहिरेपण आहे. म्हणजे गोंगाटाने कान गेला तर तो कामाचा आजार. त्याच गोंगाटावर आवाज चढवून स्वरयंत्र गेलं, तर ते त्या यादीत नाही. माझ्या बायकोला तीन आठवड्यांची रजा घ्यावी लागली, ती तिच्या साठलेल्या वैद्यकीय रजेतून गेली. कागदावर कारण 'आजारपण'. कामामुळे झालं असं त्यावर कुठेही नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मागे एक असं प्रमाण आहे. खडूफळा सरांचे ६८ हे नववी-दहावीचे असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा असं सुचवलंय. पत्र्यावरच्या पावसात हा आकडा काय होत असेल ते परिपाठ ताईंनीच सांगावं.

माझं म्हणणं एवढंच: शाळा दुरुस्तीचा अर्ज करताना 'पत्रा गळतो' एवढंच लिहू नका. 'पावसात शिकवलेलं ऐकू येत नाही आणि त्याने शिक्षकाला स्वरयंत्राचा आजार झालेला आहे' हे लिहा, वैद्यकीय कागदाची प्रत जोडा, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात घ्या. पत्र्याखाली छत लावण्याचा खर्च हा चैनीचा खर्च नाही. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

---

बालवाडीताई | २२ जून, दुपारी २:४०

अंगणवाडीत आहे. सगळं वाचलं. आमच्याकडे २५ लेकरं, वय तीन ते सहा, आणि बडबडगीतं दिवसभर. हावभाव करत वाघाचा, कोल्ह्याचा, राक्षसाचा आवाज काढायचा. राक्षसाचा आवाज मी घसा घासून काढायचे, खरखरीत. एकदा इथल्याच एका डॉक्टरांनी सांगितलं की तो सोडा. आता राक्षसाला मी हळू आणि जाड आवाज देते, पाय आपटते. लेकरं जास्त घाबरतात, खरं सांगते.

मला एक विचारायचंय, आमच्यासारख्यांनी स्वस्तात कुठे दाखवावं?

---

नळीफुंकर | २२ जून, रात्री ८:२०

राक्षसाची युक्ती मी माझ्याकडच्या बायांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते.

आधी जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग बघा, दुर्बीण तिथे बहुतेक असते. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ असेल तर उत्तम. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, नायर रुग्णालयात वाचा-श्रवण विभाग आहे. सीमेपलीकडे म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या कामात फार जुनी.

कधी जायचं? सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज आठ-दहा दिवसांत सुटतो. तीन आठवडे झाले आणि सुटला नाही, तर थांबू नका. गिळताना दुखणं, रक्त, मानेत गाठ, श्वासाला त्रास, किंवा तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर तेवढीही वाट बघू नका.

अमेरिकेत आयोवा आणि युटा या दोन राज्यांतल्या शिक्षकांची पाहणी २००४ मध्ये छापली गेली. आयुष्यात कधीतरी आवाजाचा आजार झालेले शिक्षक ५७.७ टक्के निघाले, इतर व्यवसायांतले लोक २८.८ टक्के. दुप्पट. तिथल्या वर्गांना पत्रे नसतील, पटही बहुधा आपल्याइतका नसेल, तरी ही स्थिती. म्हणून कुणीही शिक्षकाला "तुम्हीच काळजी घेतली नाही" म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

---

खडूफळा | २३ जून, सकाळी ७:१०

त्या मॅडमना हा धागा पाठवला. त्यांनी पेटीतून माईक काढून चार्जिंगला लावलाय. मीही त्यांच्यासोबत एक मागवतोय, हजार-दीड हजारात मिळतो आहे. दोघांनी एकदम लावला की हसणं कमी होईल. आणि माझे ६८ नववीचेच, कायद्याचं पान यांचा अंदाज बरोबर.

---

परिपाठ | १२ जुलै, रात्री ८:५०

तीन आठवडे लिहायला जमलं नाही. एकेक सांगते.

डॉक्टरांना दाखवून आले. गाठी परत वाढलेल्या नाहीत, तंतूंना सूज होती. अॅसिडिटीची गोळी सहा आठवडे दिली आहे. साडेसातला जेवते.

कमरेचा माईक घेतला. मुलं पहिल्या दिवशी हसली, मग प्रत्येकाला त्यात एकदा आपलं नाव सांगू दिलं, विषय संपला. दुसरीतला एक मुलगा, जो वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता, त्याने माईकमध्ये आपलं नाव, गावाचं नाव आणि बैलांची नावं सांगितली.

जोराची सर आली की माईकसुद्धा पुरत नाही. म्हणून गुरुजींशी बसून ठरवलं: सर आली की दोन्हीकडे शिकवणं बंद, वाचन आणि लेखन सुरू. फळ्यावर मी एक ढगाचं चित्र काढते, ढग दिसला की मुलं आपापलं पुस्तक काढतात, दुसरीतला एक आणि पहिलीतला एक अशा जोड्या. कविता आणि नवीन अक्षर उघडीप असेल तेव्हा. गुरुजींचाही आवाज सुटलाय, त्यांच्या मिसेसनी मला फोन करून सांगितलं.

अर्ज दिला, पोच घेतली. ठरावात तेच शब्द आहेत जे कायद्याचं पान यांनी लिहिले होते. अजून उत्तर नाही.

२६ तारखेला आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद आहे. केंद्रप्रमुखांकडे १५ मिनिटं मागितली आणि मिळाली. नळीफुंकर ताई, नळीचा व्यायाम मला थेरपीत शिकवला होता, पण ५० शिक्षकांना दाखवायचा तर क्रम नीट हवा. लिहून द्याल का?

---

नळीफुंकर | १२ जुलै, रात्री १०:३०

अहो, आनंदाने.

प्रत्येकाला ग्लासात अर्ध्यापेक्षा थोडं जास्त पाणी आणि साधी ज्यूसची नळी द्या. नळीचं टोक पाण्यात बोटाच्या एका पेराएवढंच बुडवायचं, तळाला टेकवायचं नाही. खांदे सैल, मान सरळ, ग्लास तोंडाशी आणायचा, आपण ग्लासावर वाकायचं नाही. आधी नुसती हवा फुंकून एकसारखे बुडबुडे काढा. मग त्याच फुंकीत 'ऊऽऽ' आवाज मिसळा, बोलण्याच्या पट्टीत, गाल थोडे फुगले तर चालतील. बुडबुडे अडखळले म्हणजे जोर लागतोय, आवाज कमी करा. ते जमलं की 'ऊऽऽ' खालून वर आणि वरून खाली न्या, जिन्याच्या दोन-तीन पायऱ्या, फार उंच नाही. शेवटी नळीतून वंदे मातरमची चाल, शब्दांशिवाय.

एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे. परिपाठाआधी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा, शाळा सुटल्यावर एकदा. शाळा सुटल्यानंतरचा चुकवू नका, दिवसभर ताणलेले स्नायू तेव्हा सैल होतात. घसा दुखत असेल किंवा चक्कर आली तर थांबायचं.

५० जण एकदम बुडबुडे काढतील तेव्हा हॉलमध्ये हसू फुटेल. फुटू द्या, आणि मग एकेका रांगेला करायला सांगा, म्हणजे कुणाचे बुडबुडे अडखळतात ते तुम्हाला दिसेल. त्यांना परिषद संपल्यावर बाजूला घेऊन विचारा, आवाज कधीपासून असा आहे.